तिखट, चिवट आणि शाकाहारी

मधल्या सुट्टीची घंटा झाली की डबे उघडतात, आणि डबे उघडले की वर्गाचे दोन भाग पडतात. एका बाजूस पोळी-भाजी, पोहे आणि शेव. दुसऱ्या बाजूस क्वचित कोणाच्या डब्यात आदल्या रात्रीचे सुके मटण. कोणी कोणास उठवीत नाही. परंतु तो डबा उघडणारा आपण होऊनच खिडकीकडे सरकतो. खाण्यापिण्याच्या गोष्टीवर वार्षिकांकाची पाने का खर्चावीत, असे काही वाचकांस वाटेल. आमचे म्हणणे असे की, ज्या गोष्टीमुळे मित्र मित्रापासून दोन हात दूर बसतो, ती गोष्ट क्षुल्लक नव्हे.

आमच्यापैकीच एकाने गेल्या वर्षी मांसाहार सोडला. त्यास कोणी उपदेश केला नव्हता. आजोळी ज्या करडास त्याने सुट्टीभर पाला घातला, तेच एका सणास कापले गेले; एवढे कारण त्यास पुरले. पहिले पंधरा दिवस सहज गेले. पुढे मात्र निश्चय डळमळू लागला. वरण, उसळ, पनीर सर्व मिळत होते, पोटही भरत होते. अडचण निराळीच होती. “मन वळले रे, पण दात वळेनात,” असे तो म्हणे. मिरी-लसणीचा तो सुका तुकडा, दाताखाली पुष्कळ वेळ चावावा लागणारा, त्यास आठवत राही. घरचे हसून म्हणत, “किती दिवस टिकतो ते पाहू.” काही शाकाहारी मित्र म्हणत, “अजून आठवण येते, तर तो त्याग कसला?” आम्हांस दोन्ही बोलणी अन्यायाची वाटली. ज्याचे मन स्वतःच्या विचाराने एका बाजूस वळले आहे, त्याच्या जिभेस थोडे साहाय्य करणे हे मित्रांचे काम होय. म्हणून हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही चौघांनी हा शोध हाती घेतला.

प्रथम विचार केला तो असा की, त्या तुकड्यात नेमके आवडते काय? मीठ, मिरची, लसूण, मिरी, आंबटपणा आणि विस्तवाचा खरपूस वास हे सारे तर वनस्पतींचे व चुलीचेच देणे आहे. मांसाचे स्वतःचे म्हणावे असे दोनच गुण उरतात: एक त्याचा तंतू आणि दुसरा त्याचा स्निग्धपणा. वाळविल्याने तंतू घट्ट होतो व चावण्यास वेळ लागतो. हा प्रकार जगभर आढळतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले लोक मांस वाळवून ठेवीत व त्यास ‘चार्की’ म्हणत. इंग्रजीतील ‘जर्की’ हा शब्द त्यावरूनच आला. आता वाळवण ही विद्या मराठी घरास नवी नाही. सांडगे, कुरडया, पापड आणि सांडगी मिरची यांवाचून आपला उन्हाळा जात नाही. तेव्हा उणीव केवळ तंतूची होती.

इंदुरात राहून पहिली आठवण गराडूचीच व्हावयाची. थंडीत सराफ्यात तळलेल्या गराडूच्या फोडींवर लिंबू पिळून जीरावन भुरभुरतात, ती चव येथील कोणास सांगावयास नको. परंतु गराडू हा कंद. वरून कुरकुरीत आणि आत मऊ. त्याने दातांचे समाधान होईना. मात्र मसाल्याचा प्रश्न तेथेच सुटला. जिरे, धने, बडीशेप, आमचूर, काळे मीठ आणि लाल मिरची यांचे जीरावन पोह्यांवर शोभते, तसेच अन्यत्रही शोभेल, हे ध्यानात आले.

नंतर कच्चा फणस घेतला. बंगालमध्ये त्यास ‘झाडावरचा बोकड’ अशा अर्थाचे नाव आहे, आणि ते उगीच नव्हे. उकडून कुस्करला असता त्याचे रेषे मांसासारखे सुटतात. रस्स्यास तो उत्तम. परंतु सुका करू जाता कोठे चामट, कोठे पिठूळ झाला. शिवाय त्यात प्रथिने फारच थोडी. धिंगरी अळंबीच्या पट्ट्या मंद विस्तवावर भाजल्या, त्या चवीस फार छान लागल्या. परंतु अळंबीत पाणीच अधिक. वाटीभर अळंबीचे मूठभर होते, आणि विद्यार्थ्याच्या खिशास ते परवडत नाही.

गव्हाचा प्रयोग अधिक बोधप्रद ठरला. घट्ट कणीक मळून तासभर ठेवावी व पाण्यात धुवावी. पांढरा चीक निघून जातो आणि हातात रबरासारखा गोळा उरतो. ते गव्हातील प्रथिन होय. चीनमधील बौद्ध विहारांत या गोळ्याचे पदार्थ शतकानुशतके होत आले आहेत. कुरडईसाठी आपण गव्हाचा चीक ठेवतो. येथे नेमके उलट करावयाचे. गोळा वाफवून, पातळ कापून, तव्यावर परतला तेव्हा आमचा मित्र प्रथमच म्हणाला, “हे चावावे लागते खरे!” परंतु धुण्यास पाणी व वेळ फार लागतो, आणि ज्यांस गहू सोसत नाही त्यांस हा पदार्थ वर्ज्यच.

शेवटी आम्ही आमच्याच काळ्या मातीकडे वळलो. पूर्वी माळव्यातील पुष्कळ शेते पावसाळ्यात पडीक ठेवून हिवाळ्यात गहू-हरभरा घेत. १९७० नंतर त्याच शेतांत सोयाबीन पसरले. १९८७ पासून सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदुरातच आहे. तेल काढून घेतल्यावर उरलेल्या पिठास उष्णता व दाब देऊन बारीक छिद्रातून बाहेर लोटतात, तेव्हा ते फुगते व त्यात तंतूंची रचना होते. त्याच सोयाबीनच्या वड्या. कोरड्या वडीत वजनाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात, तर कच्च्या मटणात सुमारे पाचवा हिस्सा. अर्थात भिजल्यावर वडी पाणी पिऊन जड होते, म्हणून पानात दोहोंचे अंतर फारसे उरत नाही. तरी बरोबरी होते, हेही थोडे नव्हे. आश्चर्य असे की, आपल्या सोयाबीनच्या पेंडीचा मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्यात जातो आणि मग मांस होऊन पानात येतो. मधला फेरा चुकवून ती थेट पानात का येऊ नये?

बहुतेक घरी या वड्या गिळगिळीत होतात व मुले नाके मुरडतात. दोष वडीचा नव्हे, घाईचा. आमची रीत अशी: उकळत्या मिठाच्या पाण्यात वड्या पंधरा मिनिटे ठेवाव्यात. मग दाबून पिळाव्यात, गार पाण्यात घालून पुन्हा पिळाव्यात; पाणी राहिले की कच्चट वास राहतो. उभ्या चिरून त्यांस चिंचेचा कोळ, किंचित गूळ, वाटलेली लसूण, लाल तिखट, भरड मिरी, मीठ व दोन चमचे तेल चोळावे. दोन तास मुरू द्याव्यात. नंतर लोखंडी तव्यावर अगदी मंद आचेवर, झाकण न ठेवता, अर्धा-पाऊण तास परतीत राहावे. कडा काळपट होऊन तुकडे आक्रसले की उतरावे आणि वरून जीरावन टाकावे. हा खाऊ त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी संपवावा. मित्राच्या आजीने एक तुकडा तोंडात टाकला, पुष्कळ वेळ चावला आणि एवढेच म्हटले, “मटण नाही, पण वाईट नाही.” आम्हांस हे प्रशस्तिपत्र पुरेसे वाटते.

किंबहुना आजीच्या त्या वाक्यातच आमचे मत आले आहे. या खाऊस ‘शाकाहारी मटण’ असे नाव देऊ नये. खोट्या नावाने आलेला पाहुणा तुलनेत हरतो. स्वतःच्या नावाने आला तर त्याचा मान राहतो. दुसरे असे की, या शोधाचा पाया मांस खाणाऱ्याचा तिरस्कार हा नसावा. मराठवाड्यातील दलित वस्त्यांतून मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ठेवीत. त्यांस चान्या म्हणत. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात त्या अन्नाची नोंद केली आहे. ज्यांस समाजाने दुसरे काही मिळू दिले नाही, त्यांनी त्यातूनही रुची निर्माण केली. त्यांच्या ताटास नाक मुरडून कोणी दयाधर्माच्या गोष्टी सांगू लागला, तर ती दया बोकडापर्यंत पोहोचली आणि माणसापाशी अडली, असेच म्हणावे लागेल.

आणि शाकाहाराच्या कैवाऱ्यांसही एक विनंती. ज्याने मांस सोडले त्याची परीक्षा पाहू नका. त्यास चांगले खावयास करून घाला. केवळ व्याख्यानाने व्रत टिकत नाही, रुचकर पदार्थाने ते पुष्कळ अंशी टिकते. प्रथिनांचा प्रश्न वडीने सुटला तरी ब जीवनसत्त्वाचा बारावा प्रकार तीत नाही. त्यासाठी दूध-दही सोडू नये, हेही सांगून ठेवतो.

पुढील स्नेहसंमेलनाच्या आनंदमेळ्यात आम्ही या खाऊची टोपली मांडणार आहोत. तेथे कोण काय खातो, असे कोणास विचारले जाणार नाही. परवा मधल्या सुट्टीत आमच्या मित्राने आपला डबा वर्गाच्या मध्यभागी उघडला. खिडकीकडे बसणाराही आपला डबा घेऊन तेथे आला, त्याने एक तुकडा उचलला आणि म्हणाला, “मिरी थोडी अधिक हवी.” पुढच्या खेपेस मिरी अधिक घालण्याचे आम्ही ठरविले आहे.