कोकणात रूळ पोहोचले, रस्ता मात्र रखडला
कोकणातील दोन प्रकल्पांची तुलना बोधप्रद आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाने रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण केला. रेल्वे मंत्रालय व चार राज्ये त्यात भागीदार होती. ई. श्रीधरन यांनी कामाचे सात विभाग पाडून प्रत्येकाची धुरा एका मुख्य अभियंत्याकडे सोपवली. गोव्यातील वाद व पेडणे बोगद्यातील ढासळती माती यांमुळे विलंब झाला, तरी उत्तरदायित्व विखुरले नाही.

याउलट, २०११ मध्ये सुरू झालेले मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०२४ अखेरही अपूर्णच होते. पनवेल-इंदापूर टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर पुढील काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे होते. भूसंपादन रेंगाळले, ठेकेदार बदलले. त्याची किंमत प्रवाशांनी मोजली. यंत्रे व मजुरांइतकीच, निर्णयाधिकार कोणाकडे आहे यावरही कामाची गती ठरते.