ऐंशी टक्के

तर झालं असं, की गेल्या महिन्यात कराडहून मावशीचा फोन आला. "अगं, तुमची ती हिरवी पट्टी तीन आठवडे ऐंशी टक्क्यांवरच अडकलीय. मी काही चुकीचं दाबलं का?"

मावशी गोधड्या शिवते. माझ्याच आग्रहाखातर तिने आमच्या कंपनीच्या साइटवर विक्रेती म्हणून नोंदणी सुरू केली होती. (कंपनीचं नाव विचारू नका, पगार तिथूनच येतो :-) ) आणि ती हिरवी पट्टी ज्या ट्रॅकरमधून येते, तो लिहिणाऱ्या चौघांपैकी एक म्हणजे अस्मादिक!

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्याकडे माल विकायचा तर पाच टप्पे पार करावे लागतात: पॅन, जीएसटी, बँक खातं, पत्ता आणि मालाची यादी. पूर्वी घोडं जीएसटीपाशी अडायचं. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून, राज्यातल्या राज्यातच माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय, नुसत्या एनरोलमेंट नंबरवर ऑनलाइन विकता येतं. मावशीने तो नंबर स्वतः खटपट करून काढला होता. माझी मदतसुद्धा घेतली नाही.

अडलं ते बँकेपाशी. आम्ही विक्रेत्याच्या खात्यात एक रुपया पाठवतो. बँकेकडून खातेदाराचं नाव परत येतं आणि प्रोग्रॅम ते पॅनवरच्या नावाशी ताडून बघतो. अक्षरं पुरेशी जुळली नाहीत की गाडी तिथेच थांबते. 'सुनीता' इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहितात, कधीकधी तेवढंही पुरतं. मावशीचं तर पॅन माहेरच्या नावाचं (लग्नाआधी नोकरी करायची तेव्हाचं) आणि खातं सासरच्या. बँकेने लग्नाचा दाखला बघून ते प्रकरण केव्हाच मिटवलं होतं. आमच्या प्रोग्रॅमला लग्न ही भानगडच ठाऊक नाही. (मी स्वतः लग्नानंतर नाव बदललं नाही. लोकांना वाटतं तत्त्व म्हणून. खरं कारण हेच: कंटाळा.)

सोमवारी हापिसात जाऊन आमच्या बाजूची स्क्रीन उघडली. नात्यातल्यांची खाती अशी उघडून बघायची नसतात, पण बघितलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: नाव जुळत नाही, कागद हवा. आणि मावशीच्या स्क्रीनवर? 'पडताळणी सुरू आहे.' हे वाक्य दोन वर्षांपूर्वी मीच टाईप केलं होतं. सुरू वगैरे काहीही नव्हतं. आम्ही तिच्या कागदाची वाट बघत होतो आणि ती आमची.

माझं म्हणणं एवढंच आहे, की विक्रेत्याला टक्के दाखवणं बंद करा. पाचातले चार टप्पे झाले म्हणून ऐंशी, हा हिशोब आमच्या सोयीचा. ऐंशी टक्के नोंदणी झालेल्या बाईला ऐंशी टक्के गोधडी विकता येत नाही. तिला कळायला हवं की कुठल्या पायरीवर अडलंय, का अडलंय, आणि पुढची हालचाल कोणी करायचीय, तिने की आम्ही.

हे टीममध्ये बोलले तर फसवणूक रोखणाऱ्या गटातला मित्र म्हणाला, "कारण सांगितलं की चोर शहाणे होतात." मुद्दा अगदीच खोटा नाही. आमच्या काही तपासण्या गुप्तच राहायला हव्यात. पण 'पॅन आणि बँकेतलं नाव वेगळं आहे, नाव बदलल्याचा पुरावा चढवा' हे वाचून कुठला चोर शहाणा होणार आहे? दुसऱ्याच्या खात्यावर डल्ला मारू बघणाऱ्याला नावं वेगळी आहेत हे आधीच माहीत असतं. माहीत नसतं ते मावशीला.

आणि खरी मेख पुढेच आहे. तीस दिवस हललं नाही की ट्रॅकर त्या विक्रेत्याला 'निष्क्रिय' करतो आणि हिशोबातून काढून टाकतो. त्यामुळे सोमवारच्या मीटिंगमध्ये यशाचा आकडा छान दिसतो. मावशी एकवीस दिवस रोज लॉगिन करून पट्टी बघत होती. आणखी नऊ दिवसांनी ती निष्क्रिय ठरली असती, आणि आमचा आकडा एका केसाने सुधारला असता! अशा किती जणी गेल्या असतील याची यादी काढायला बसले होते, शंभराच्या पुढे स्क्रोल करणं थांबवलं.

मावशीला दाखल्याची प्रत चढवायला सांगितली. "एवढंच होतं? मग तसं लिहायचं ना गं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पट्टी शंभरावर गेली.

मेसेज बदलायचं आणि तीस दिवसांचा नियम काढायचं तिकीट मी टाकलंय. प्राधान्य: मध्यम. त्याखाली पहिला प्रश्न आला, याने सोमवारचा आकडा किती वाढेल? वाढणार नाही, नियम काढला तर चांगलाच पडेल. तसं लिहून पाठवलंय. अजून उत्तर नाही. पडताळणी सुरू असावी.