कडक चहाचा हिशेब

बेलापूर नावाचे रेल्वे स्टेशन बेलापुरात नाही. दौंड-मनमाड मार्गावरचे हे स्टेशन श्रीरामपूर शहरात आहे आणि ज्या गावाचे नाव त्याला मिळाले ते बेलापूर तिथून काही किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी. नाव वाचून उतरलेल्या नवख्या प्रवाशाची फसगत होते. गावकरी मात्र हसून त्याला रस्ता दाखवतात. चहाच्या बाबतीत अशीच फसगत गावकऱ्यांचीही रोज होत असते. ग्लासातला गडद तांबूस रंग पाहिला की चहा 'कडक', आणि कडक म्हणजे चांगला, हे समीकरण टपरीपासून घरच्या ओट्यापर्यंत पक्के बसले आहे. पण रंग म्हणजे चव नव्हे, आणि जो चहा सर्वांत कडक तोच चुकीच्या वेळी प्यायला तर शरीराला सर्वांत महाग पडतो.

या भागात चहा हे नुसते पेय नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि कोरडवाहू शिवारात ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आला, पुढे १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला. साखर घरोघरी आली, तसा साखरेचा चहाही आला. आज गळीत हंगामात पहाटे अंधारात फडाकडे निघणाऱ्या ऊसतोड मजुराच्या पोटात पहिल्यांदा जातो तो चहाच. शाळेला निघालेल्या मुलाच्या ताटलीत चहा-चपाती असते. दूध कमी असेल तर चहा कोरा होतो, साखर थोडी वाढते, पण चहा चुकत नाही. स्वस्तात भूक मारणारे आणि तरतरी देणारे दुसरे काही हाताशी नसते. म्हणूनच या चहाचा विचार 'वाईट सवय' असे म्हणून झटकून टाकता येत नाही.

आधी पुडीत काय असते ते पाहू. किराणा दुकानात मिळणारी दाणेदार पूड म्हणजे सीटीसी चहा. चहाची पाने दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, त्यांचे बारीक दाणे वळवण्याचे हे यंत्र १९३० च्या सुमारास आसामात तयार झाले. पान चिरडले की त्यातली द्रव्ये हवेशी संयोग पावतात आणि हिरव्या पानाचा काळा चहा होतो. या क्रियेत दोन प्रकारची द्रव्ये तयार होतात. थिआफ्लेविन चहाला सोनेरी झळाळी आणि जिभेला चटका देणारी ताजी चव देतात. थिआरुबिजिन तांबूस-तपकिरी रंग आणि भरीवपणा देतात. पानात मुळात असलेले कॅफीन या साऱ्यातून तसेच टिकते. दाणा बारीक असल्यामुळे गरम पाण्यात हे सगळे भराभर उतरते. स्वस्त पुडीचा हा मोठा गुण आहे: कमी पूड, कमी वेळ, जास्त उतारा. पण आपण तिला मोठ्या पानाच्या चहासारखी, नव्हे एखाद्या काढ्यासारखी वागवतो. दहा-दहा मिनिटे उकळतो, वर आल्याला उकळी, दुधाला उकळी, आणि गिऱ्हाईक उशिरा आले तर पुन्हा एक उकळी.

या उकळ्यांत नेमके काय होते? कॅफीन पहिल्या दोन-तीन मिनिटांतच बहुतांश उतरलेले असते. सुगंधाची द्रव्ये हलकी असतात. ती वाफेबरोबर उडून जातात. म्हणून टपरीजवळून जाताना चहाचा वास घमघमतो आणि ग्लासात मात्र तो सापडत नाही. मागून उतरत राहतात ती तुरट द्रव्ये, म्हणजे पॉलिफिनॉल. बोलीभाषेत सगळ्यांना मिळून टॅनिन म्हणतात. जीभ आणि गाल ओढल्यासारखे वाटतात ते यांच्यामुळे. मग तो तुरटपणा झाकायला आणखी साखर पडते. म्हणजे जास्त उकळीतून जास्त तरतरी मिळत नाही. सुगंध जातो, तुरटपणा येतो आणि साखर वाढते.

रंग आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा उत्तम पुरावा चीनच्या युन्नान प्रांतातला पु-अर चहा देतो. तिथे चहाची पाने वाफवून, दाबून त्यांच्या चकत्या करतात आणि वर्षानुवर्षे मुरवतात. जुनी चकती महाग. १९७० च्या दशकात कुनमिंगमध्ये ओल्या पानांचे ढीग झाकून, सूक्ष्मजीवांकडून ती काही आठवड्यांत आंबवण्याची पद्धत बसवली गेली आणि जुन्या चहासारखी मातकट, मऊ चव सामान्यांच्या खिशाला परवडू लागली. हा चहा पेल्यात जवळजवळ शाईसारखा काळा दिसतो, तरी जिभेला फारसा तुरट लागत नाही, कारण आंबताना तुरट द्रव्यांचे रूप बदलून जाते. तो करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. उकळते पाणी ओतून पहिले पाणी फेकून देतात. मग थोडे पाणी, काही सेकंद, की लगेच गाळणे. त्याच पानांवर पुन्हा पाणी, पुन्हा काही सेकंद. एकाच पानांचे सहा-सात घोट, प्रत्येकाची चव निराळी. आणि नुसते वय तिथेही पुरत नाही: दमट जागी ठेवलेली चकती कितीही जुनी असली तरी तिला कुबट वासच येतो. किंमत वर्षांची लावली जाते, चव मात्र साठवणुकीची असते.

आपल्या दाणेदार पुडीला सहा-सात वेळा पाणी सोसत नाही. ती पहिल्याच पाण्यात सगळे देऊन मोकळी होते. त्यामुळे चोथ्यात नवी पूड टाकून पुन्हा उकळणे ही काटकसर नसून तुरटपणाची भर आहे. पण पु-अरवाल्यांच्या दोन गोष्टी बेलापुरातल्या पातेल्यालाही लागू पडतात. एक, वेळ मोजणे. दुसरी, साठवण. पावसाळ्यात पुडी उघडी राहिली, मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली, तर चहा ओल आणि वास दोन्ही ओढून घेतो. घट्ट झाकणाचा, कोरडा, उजेडापासून दूर ठेवलेला डबा ही स्वस्त चहा चांगला लागण्याची पहिली अट.

चहा चाखण्याची पद्धतही साधी आहे. चहा-परीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटे अशी मोजणी ठरलेली आहे, आणि त्यात पूड पाण्यात मुरवतात, आचेवर खळखळवत नाहीत. घरी दोन पुड्यांची तुलना करायची तर दोन सारखे कप, सारखी पूड, सारखे पाणी घ्यावे आणि दूध-साखर न घालता आधी वास, मग घोट घ्यावा. ताज्या चहाचा घोट जिभेवर चटकन चमकतो आणि निघून जातो. शिळ्याचा सपाट लागतो आणि तुरटपणा मागे उरतो. परीक्षक मोठ्याने भुरका मारतात, कारण हवेबरोबर चहाचा वास थेट नाकाच्या मागल्या बाजूला पोचतो. आजोबा बशीत ओतून भुरके मारत तेव्हा नातवंडे लाजत; शास्त्र आजोबांच्या बाजूने होते. दुसऱ्या कारणानेही होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंश सेल्सियसपेक्षा गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला 'बहुधा कारणीभूत' या वर्गात टाकली. दोष चहाचा नाही, चटक्याचा आहे. बशीत ओतलेला चहा लवकर निवतो.

रोजच्या चहासाठी एवढे पुरे: पाण्याला आधण येऊ द्यावे, आले-वेलदोडा आधीच टाकावा, मग कपाला एक लहान चमचा पूड, मंद आचेवर दोन-तीन मिनिटे, आच बंद, झाकण, थोडा दम, आणि गाळणे. दूध वेगळे तापवून वरून. गॅस वाचतो, पूड कमी लागते, साखर आपोआप अर्धा चमचा घटते.

पण चांगला केलेला चहाही केव्हा प्यायचा, हा प्रश्न उरतो आणि खरा हिशेब तिथेच आहे. धान्य, डाळी, पालेभाज्या यांतले लोह शरीरात मुळातच कमी शोषले जाते. चहातली पॉलिफिनॉल आतड्यात या लोहाला पकडतात आणि ते शरीराला मिळू देत नाहीत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पावाच्या न्याहारीबरोबर काळा चहा दिला तेव्हा लोहाचे शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटले. त्यात दूध घातल्याने फारसा फरक पडला नाही. पावाच्या जागी चपाती ठेवली की हे चित्र आपल्या ओळखीचे होते. चहा-चपाती खाऊन शाळेत जाणाऱ्या मुलीचे पोट भरते, पण त्या चपातीतले बरेचसे लोह तिला मिळतच नाही.

हे किरकोळ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पाच वर्षांखालच्या बालकांत हे प्रमाण ६८.९ टक्के आहे. याचा सगळा दोष चहावर टाकणे अन्यायाचे ठरेल. अपुरा आहार, जंत, पाळीतला रक्तस्राव, पाठोपाठची बाळंतपणे ही मोठी कारणे आहेत. पण ज्या घरात लोह आधीच कमी येते, तिथे आलेले लोह चहाने अडवावे हे परवडणारे नाही.

'आम्ही तर गुळाचा चहा घेतो, त्यात लोह असते', असे उत्तर हल्ली सर्रास मिळते. रस्तोरस्ती गुळाच्या चहाच्या पाट्याही लागल्या आहेत. गुळाची चव निराळी आणि छान, यात वाद नाही. तो चहा फाटू नये म्हणून गूळ दुधासोबत न उकळता, आच बंद केल्यावर घालावा, हेही खरे. पण हिशेब करून पाहावा. गुळात १०० ग्रॅमला १० मिलिग्रॅम लोह आहे असे उदारपणे धरले, तरी दहा ग्रॅमच्या खड्यातून एक मिलिग्रॅम मिळते. प्रौढ स्त्रीची रोजची गरज भारतीय शिफारशीनुसार २९ मिलिग्रॅम आहे. शिवाय ते एक मिलिग्रॅमही चहातच विरघळलेले, म्हणजे पकडणारा शेजारीच बसलेला. आणि गूळ झाला तरी त्यात बहुतांश साखरच असते. मधुमेह्याला त्यात सूट नाही.

मार्ग सोपा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ च्या आहार मार्गदर्शनात जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे सांगितले आहे. दिवसाच्या कॅफीनची मर्यादा ३०० मिलिग्रॅम दिली आहे. एका कपात ते ३० ते ६५ मिलिग्रॅम असते. जेवणासोबत चहाऐवजी लिंबू, आवळा किंवा शेजारच्या राहात्याचा पेरू असेल तर क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण उलट वाढते. चहा सोडायचा नाही. त्याला फक्त ताटापासून तासभर लांब बसवायचे आहे.

एवढी गोष्ट घरोघर पोचवायला नवी योजना लागत नाही. 'ॲनिमियामुक्त भारत' मोहिमेत शाळांतून, अंगणवाड्यांतून आणि आरोग्य केंद्रांतून लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात. गरोदर स्त्रीला त्या किमान १८० दिवस घ्यायच्या असतात. गोळी देताना 'चहाबरोबर घेऊ नका' हे वाक्य प्रत्येक वेळी, प्रत्येकीला सांगितले गेलेच पाहिजे. सकाळच्या चहाच्या घोटाबरोबर गिळलेल्या गोळीचा बराच भाग वाया जातो. सरकारचा पैसा आणि तिचा त्रास, दोन्ही फुकट. साखर कारखान्यांनीही हंगामात तोड मजुरांच्या कोप्यांवर ही माहिती पोचवावी. चहातली साखर ज्यांच्या कोयत्याने घडते, त्यांच्या रक्तातले लोह हा कारखान्यांच्याही जबाबदारीचा भाग आहे.

स्वस्त चहा वाईट नसतो. तो कमी उकळला तर चांगला लागतो, आणि ताटापासून लांब ठेवला तर बाधत नाही. ग्लासातला रंग पाहून चहाची परीक्षा करणे म्हणजे पाटी वाचून बेलापूर स्टेशनवर उतरणे. गाव अजून पुढे आहे.