फाटा सांगून यावा

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. तो दिवस न पाहिलेल्या पोरांनाही आमच्या भागात ही तारीख तोंडपाठ असते. त्या पहाटेच्या हकीकती ऐकतच आम्ही वाढलो. आजोबांचे त्यावरचे भाष्य ठरलेले असते, "भूकंप काय सांगून येतोय व्हय?" खरे आहे. पण धरणाचे पाणी सांगून येते! पावसाळ्यात कोयनेचे दरवाजे उचलायचे झाले की नदीकाठच्या गावांना आधी इशारा मिळतो. गुरे वर काढायला, काठावरच्या मोटारी उचलायला वेळ मिळतो. निसर्गाचा धोका सांगून येत नसेल. पण माणसाने उभारलेला धोका तरी सांगून यावा, ही अपेक्षा गैर आहे काय?

मित्रहो, रस्त्याला फुटलेला फाटा हा असाच माणसाने उभारलेला धोका आहे. कराड-चिपळूण हा आपला रोजचा रस्ता. कुंभार्ली घाट चढून आलेली वाहने याच रस्त्याने पाटणकडे उतरतात. आज तो गुहागर-विजापूर राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे. वस्त्यांचे फाटे मात्र पूर्वीचेच. झाडीतून, चढावरून, एकदम महामार्गावर येणारे.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात माझे चुलते दुधाच्या किटल्या घेऊन मोटारसायकलवरून आमच्या फाट्यावर आले. धुके असे की दहा हातांवरचे दिसू नये. घाटाकडून आलेल्या टेंपोने त्यांना उडवले. जीव वाचला, पण पायात सळई बसली आणि दुधाचा धंदा बसला तो कायमचा. गाव गोळा झाले. टेंपोवाल्याला चोप द्यायची तयारी झाली. तो भिजत, थरथरत एकच सांगत होता, "दादा, इथं रस्ता फुटतोय हे मला कसं कळावं?" तेव्हा आजोबा पुढे झाले. "त्याला मारून फाटा दिसाय लागंल का?" एवढेच ते म्हणाले. आजोबांनी उभी हयात रस्त्यावर मैलकुली म्हणून काढली. त्यांच्या शब्दाला या बाबतीत मान आहे. लोक मागे सरले.

आमच्या घराण्यात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिलाच. साहजिकच आपल्या शिक्षणाचा काही उपयोग करावा असे मला वाटले. मी एक जुना पत्रा आणला आणि लाल रंगाने सुवाच्य अक्षरांत लिहिले : 'सावधान! पुढे धोकादायक फाटा आहे. वाहने सावकाश हाका.' शुद्धलेखन दोनदा तपासले. मोठ्या अभिमानाने पत्रा आजोबांपुढे धरला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, "ह्यात फाटा कुठाय?"

आजोबांना अक्षर येत नाही. मी वरमलो. मग ध्यानात आले की हा रस्ता विजापूरपर्यंत जातो. तिकडून येणारा कानडी चालक माझे शुद्ध मराठी कसे वाचणार? आणि मराठी चालक तरी धावत्या गाडीतून, पावसात, दोन वाक्ये वाचील काय? ती वाचून होईपर्यंत फाटा मागे पडलेला असेल.

यावरचा उपाय जगाला फार पूर्वी सापडला आहे. १९०९ साली पॅरिसला मोटारींच्या वाहतुकीबाबत आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात धोक्याची अवघी चार चिन्हे ठरली : रस्त्यावरचा उंचवटा, वळण, रेल्वेचे फाटक आणि रस्त्यांचा छेद. मोटारगाडी बाल्यावस्थेत होती, तेव्हाही एकमेकांना मिळणारे रस्ते पहिल्या चार धोक्यांत गणले गेले! आपल्याकडे लाल किनारीचा पांढरा त्रिकोण आणि त्यात काळी आकृती, ही सावधगिरीची खूण आहे. अक्षरशत्रू माणूस आणि एम. ए. झालेला माणूस दोघेही ती सारख्याच वेगाने वाचतात.

पण त्रिकोण रोवला म्हणजे काम संपले नाही. कोणता त्रिकोण, हा खरा प्रश्न. आपली भाषा या बाबतीत मोठी चोखंदळ आहे. सरळ रस्त्याला बाजूने एक रस्ता मिळतो तो फाटा. तीन वाटा एकत्र येतात ती तिकटी. कोल्हापूरची पापाची तिकटी सर्वांना ठाऊक आहे. चार वाटा मिळतात तो चौफुला. रस्त्याच्या शास्त्रातही हे भेद आहेत. डावीकडचा फाटा, उजवीकडचा फाटा, दुबेळक्यासारखी तिकटी, काटकोनातली तिकटी, चौरस्ता, या प्रत्येकाची आकृती वेगळी असते.

पुढे आमच्या फाट्यावर फलक लागले. आनंद झाला. पण दोन्ही दिशांना एकच आकृती! घाटाकडून येणाऱ्याला आमचा फाटा डाव्या हाताला लागतो. पाटणकडून येणाऱ्याला उजव्या. म्हणजे दोहोंपैकी एक फलक रोज खोटे बोलतो. धुक्यात चालक उजवीकडे नजर ठेवतो आणि मोटारसायकल डावीकडून येते. मला तर वाटते, मुका फलक परवडला, पण खोटा नको.

दुसरी गोष्ट अंतराची. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. चालकाने धोका ओळखून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात ४० मीटर गेले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने ६० च्या वेगाला थांबण्यासाठी ८० मीटर लागतात, ४० च्या वेगाला ४५. आजोबांनी आमच्या फलकापासून फाट्यापर्यंत पावले मोजली. सव्वीस भरली! शिवाय फलक वळणाच्या आत, जांभळाच्या फांदीआड. मे महिन्यात तो झकास दिसतो; जुलैत पालवीत बुडतो. उशिरा दिलेला इशारा हा इशारा नसतो. पाणी अंगणात शिरल्यावर दरवाजे उचलल्याची वर्दी कोणी देते काय?

काहीजण म्हणतील, फलक कितीही लावा, बेफाम चालकांपुढे काय चालणार? त्यापेक्षा गतिरोधक घाला. मला हे पटत नाही. बेफाम माणसाला फलक अडवणार नाही, हे मान्य. पण तो टेंपोवाला बेफाम नव्हता, अनभिज्ञ होता. फलक असतो तो परक्यासाठी. आपल्याला आपला फाटा पाठच असतो. आणि धुक्यात सूचनेवाचून आलेला गतिरोधक हा आणखी एक न सांगता येणारा धोकाच नव्हे काय? शिवाय फाट्यावरून येणाऱ्या आपल्या माणसांसाठीही थांबण्याची खूण हवी. महामार्गावर चढण्यापूर्वी पाय टेकणे हे आपलेही कर्तव्य आहे. चुलते त्या दिवशी थांबले नव्हते, हे घरचा म्हणून मी लपवणार नाही.

माझे म्हणणे इतकेच : फलकाची निवड आणि जागा कागदावर ठरू नये. ती भर पावसाळ्यात, फाट्यावर उभे राहून, तिथून रोज ये-जा करणाऱ्या दूधवाल्याला आणि शाळकरी पोरीला विचारून ठरावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११६ प्रमाणे फलक उभारण्याचा अधिकार शासनाचा किंवा शासनाने नेमलेल्यांचा आहे. माझ्यासारख्याने पत्रे रंगवून रोवणे हा काही उपाय नव्हे. पण डोळे उघडे ठेवण्याचा अधिकार कोणी आपल्याकडून काढून घेतलेला नाही. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी येत्या जुलैत पाटण ते कोयनानगर एकेक फाटा पायी पाहावा. कोणता फलक खोटा, कोणता फांदीआड, कोणता वाढदिवसाच्या पोस्टराखाली गाडलेला, याची यादी करावी आणि ग्रामसभेच्या ठरावासह योग्य ठिकाणी पोचवावी. भाषणांपेक्षा हे शिबिर अधिक उपयोगी ठरेल, असे मी गुरुजनांना नम्रपणे सुचवतो.

माझा पत्रा अजून गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे. परवा आजोबांनी कोळशाने त्यावर एक उभी रेघ ओढली, तिला डावीकडे एक आडवी फांदी काढली आणि म्हणाले, "आता वाच." मी वाचले. कानडी चालकानेही वाचले असते.