‘काहीतरी हलकंफुलकं लावा ना!’

आमच्या पार्सिपनीच्या आसपास कुठेही मराठी सिनेमा दाखवायचं ठरलं, की एक फर्माईश हमखास येते: ‘काहीतरी हलकंफुलकं लावा ना!’ आठवडाभर राबलेल्या माणसाला हसावंसं वाटलं तर त्यात गैर काहीच नाही. माझं भांडण हसण्याशी नाहीच. कशावर हसायचं याची आपण जी आखूड यादी करून ठेवली आहे, तिच्याशी आहे.

एका कार्यक्रम समितीला मी ‘गाभ्रीचा पाऊस’ सुचवला. एक जण म्हणाले, ‘आत्महत्येचा सिनेमा? लोक रडून घरी जातील.’ दुसरे म्हणाले, ‘शेतकऱ्याच्या मरणावर विनोद? शोभतं का?’ म्हणजे एकाला तो फार रडका वाटला, दुसऱ्याला फार हसरा. दोघांनीही तो पाहिलेला नव्हता.

सतीश मन्वर यांचा हा पहिला चित्रपट, २००९ सालचा. विदर्भातल्या एका गावात शेजारचा शेतकरी जीव देतो आणि अलकाच्या (सोनाली कुलकर्णी) मनात भीती शिरते: आपला किसनाही (गिरीश कुलकर्णी) असंच करील का? मग ती त्याच्या आवडीचं रांधते, त्याला एकटं सोडत नाही, लहान पोराला त्याच्या मागावर धाडते. किसनाला वेगळीच काळजी आहे. पाऊस कधी येणार आणि बियाण्याला पैसा कुठून आणायचा? आपल्यावर एवढी माया का उतू चालली आहे, हे त्याला कळतच नाही. आपण हसतो ते या गोंधळाला. मेलेल्या माणसाला कोणी हसत नाही.

खरा काळा विनोद तर सरकारी कागदावर आहे. महाराष्ट्रात शेतकऱ्याने आत्महत्या केली, की ती ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते. जमीन कुणाच्या नावावर होती? कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं? २००६ च्या निर्णयाप्रमाणे पात्र ठरलेल्या कुटुंबाला १ लाख रुपये, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार खात्यात ठेव म्हणून. बिनपरवान्याच्या सावकाराचं कर्ज काढून मेलात, तर मरणही अपात्र! संशोधनात मी रोज निकष लावून नोंदी गाळतो. निकषांशिवाय काम चालत नाही, हे मला कळतं. पण मरणाला हा शब्द लावणाऱ्या व्यवस्थेबद्दल गंभीर चेहऱ्याने किती वेळ बोलणार?

पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, अनुषा रिझवींचा ‘पीपली लाईव्ह’ आला. तोही पहिलाच चित्रपट, तोही शेतकरी आत्महत्येवरचा काळा विनोद. पाठीशी आमिर खानची निर्मिती होती. तो सगळ्यांनी पाहिला, वाखाणला. तेव्हा ‘शोभतं का’ हा प्रश्न कुठे गेला होता? का हिंदीत चालतं आणि मराठीत विटाळ होतो?

मला वाटतं, अडचण विनोदाची नाहीच. दुष्काळ पडला की आपण इथून मदतीचे चेक पाठवतो, आणि ते पाठवलेच पाहिजेत. पण ज्याची कीव करायची तो शेतकरी आपल्याला फोटोतल्यासारखा लागतो: गप्प, कोरड्या रानात आभाळाकडे बघणारा. बायकोवर खेकसणारा, पावसाला शिव्या घालणारा, हट्टी किसना त्या फोटोत मावत नाही. तो फार आपल्या काकांसारखा दिसतो. आणि त्याची वऱ्हाडी? मराठी रंगमंचावर ती बहुतेकदा हशा पिकवायला येते. या सिनेमात माणसं तिच्यात काळजी करतात, भांडतात, जगतात. पुण्या-मुंबईच्या मराठीवर पोसलेल्या आपल्या मंडळांना हे ऐकायची सवय लागायला हवी.

मुलांचं म्हणाल, तर लहानांसाठी शेजारच्या खोलीत चित्रकला ठेवा. हायस्कूलच्या मुलांना मात्र आत बसवा. आजोबांचं गाव कसं होतं, हे आपण त्यांना आमरस आणि बैलगाडीपलीकडे सांगितलंय का?

तेव्हा समितीतल्या मंडळींनो, वर्षातल्या चार सिनेमांपैकी तीन तुमच्या पसंतीचे लावा. चौथा हा लावा. खुर्च्या मांडायला मी येतो, नंतरच्या चर्चेलाही थांबतो. आक्षेप असतील तर तेव्हा जरूर घ्या, सिनेमा पाहून.