सानिया घडली, कारण स्पर्धा दारात आली

१२ फेब्रुवारी २००५. हैदराबादेत अठरा वर्षांच्या सानिया मिर्झाने युक्रेनच्या अलोना बोंदारेन्कोला तीन सेटमध्ये हरवले आणि महिला टेनिसच्या डब्ल्यूटीए स्पर्धेत एकेरीचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्या विजयाची गोष्ट आपल्याकडे जिद्दीची आणि गुणवत्तेची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण तिचा दुसरा अर्धा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्याने ऐकायला हवा तो नेमका तोच.

हैदराबादेत महिलांची ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००३ मध्ये सुरू झाली. सोळा वर्षांची सानिया पहिल्याच वर्षी वाइल्ड कार्डवर उतरली आणि पहिल्याच फेरीत हरली. २००४ मध्ये याच स्पर्धेत तिने दक्षिण आफ्रिकेच्या लिझेल ह्यूबरबरोबर दुहेरीचे विजेतेपद मिळवले. २००५ मध्ये एकेरीचे. हरणे, सावरणे, जिंकणे हे तिन्ही टप्पे एकाच शहरात, घरच्या माणसांसमोर पार पडले. २००३ मध्येच आफ्रो-आशियाई क्रीडा स्पर्धाही हैदराबादेत झाल्या आणि तिथे तिने चार सुवर्णपदके मिळवली.

वाइल्ड कार्ड म्हणजे क्रमवारीत मागे असलेल्या खेळाडूला आयोजकांनी दिलेला थेट प्रवेश. बहुतेक आयोजक तो आपल्या गावच्या, आपल्या देशच्या खेळाडूला देतात. म्हणजे गावात स्पर्धाच नसेल, तर गावच्या मुलीसाठी दार उघडायला कुणी नसते. टेनिसमध्ये गुण मिळाल्याशिवाय मोठ्या स्पर्धेत प्रवेश नाही आणि स्पर्धा खेळल्याशिवाय गुण नाहीत. हा पेच सानियासाठी हैदराबादने सोडवला. तिच्या विजेतेपदानंतर पुढच्याच वर्षी ती स्पर्धा बंगळुरूला गेली. तोवर सानियाचे काम झालेले होते. २००५ च्या अमेरिकन ओपनमध्ये ती चौथ्या फेरीपर्यंत पोहोचली आणि ऑगस्ट २००७ मध्ये एकेरीच्या जागतिक क्रमवारीत सत्ताविसावी झाली.

तिच्या आधीच्या पिढ्यांना हे भाग्य नव्हते. मुंबईच्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विम्बल्डनचा सामना जिंकला. असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत्या. कोइम्बतूरच्या निरुपमा वैद्यनाथनने १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत सामना जिंकला. दोघी गुणी होत्या, पण त्यांच्या मागोमाग येणाऱ्या मुलींसाठी घराजवळ शिडी उभी राहिली नाही, म्हणून दोन नावांमध्ये चौसष्ट वर्षांचे अंतर पडले.

मनगटाच्या दुखापतीने सानियाची एकेरी मोडली. २००८ मध्ये शस्त्रक्रिया झाली, पुढे गुडघ्यांनीही त्रास दिला आणि अखेर तिने दुहेरीवर लक्ष केंद्रित केले. एकेरी सुटली म्हणजे कारकीर्द संपली, असे मानणारे तेव्हाही होते. सानियाने मात्र नंतरच्या वर्षांतच शिखर गाठले. मार्टिना हिंगिसबरोबर तिने २०१५ चे विम्बल्डन, त्याच वर्षीचे अमेरिकन ओपन आणि २०१६ चे ऑस्ट्रेलियन ओपन जिंकले. या जोडीने सलग ४१ सामने जिंकले. एप्रिल २०१५ मध्ये सानिया दुहेरीत जगात पहिली झाली आणि एकूण ९१ आठवडे त्या जागी राहिली. मिश्र दुहेरीची तीन ग्रँड स्लॅम विजेतेपदे वेगळी. तिच्या स्कर्टच्या लांबीवर आणि लग्नावर लोक बोलत राहिले. ती खेळत राहिली. २०१८ मध्ये मुलगा झाला आणि जानेवारी २०२० मध्ये पुनरागमनाच्या पहिल्याच स्पर्धेत, होबार्टला, तिने विजेतेपद मिळवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईत ती अखेरची व्यावसायिक स्पर्धा खेळली.

तिच्या वाटेचा फायदा महाराष्ट्रालाही झाला आहे. मराठवाड्याच्या सीमेवरच्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे हैदराबादला सानियाच्या अकादमीत सरावासाठी गेली. २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत तिने सानियाबरोबर महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्येही या दोघी एकत्र उतरल्या. पहिल्याच फेरीत चिनी जोडीकडून त्या तिसऱ्या सेटमध्ये ५-७ अशा हरल्या. तरीही तालुक्याच्या गावातली मुलगी ऑलिंपिकच्या कोर्टवर पोहोचली, हे खरेच. पण त्यासाठी तिला घर सोडून दुसऱ्या राज्यात जावे लागले.

आता हिंगोलीकडे पाहा. हिंगोलीहून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ आहे. १९५६ पर्यंत तर हा सारा मुलूख त्याच राजधानीच्या अमलाखाली होता. पण सेनगावच्या किंवा कळमनुरीच्या मुलीने रॅकेट हातात घेतली, तरी राष्ट्रीय क्रमवारीचे गुण मिळवायला तिला पुण्या-मुंबईसारख्या दूरच्या शहरांची वाट धरावी लागते. मुलगी बारा-तेरा वर्षांची, म्हणजे सोबत आई किंवा बाप हवा. रात्रभराचा प्रवास, राहण्याचा खर्च, बुडालेली मजुरी किंवा रजा, आणि पहिल्याच फेरीत हार झाली तर दुसऱ्या दिवशी परत. असे दोन-तीनदा झाले की घर थकते. मुलगा असता तर कदाचित एकटा पाठवला असता. मुलींचा खेळ वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी सुटतो, त्यामागे हे हिशेब असतात. गुणवत्तेचा प्रश्न तिथे येतच नाही.

हळद आणि सोयाबीनच्या भावाची चिंता असलेल्या जिल्ह्यात टेनिस कशाला, असा प्रश्न कुणी विचारेल. तो गैर नाही. पण त्याचे उत्तर मराठवाड्यातच आहे. धाराशिवची सारिका काळे भारतीय खो-खो संघाची कर्णधार झाली आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोत अशा मुली पुढे येतात, कारण तो खेळ आणि त्याच्या स्पर्धा शाळेच्या मैदानापर्यंत पोहोचल्या आहेत. चपळाई, दम आणि नजर खो-खोलाही लागतात, टेनिसलाही. जे शाळेच्या अंगणात आले त्यात मुली चमकल्या. जे क्लबच्या कुंपणाआड राहिले त्यात कुणी दिसले नाही.

म्हणून मागणी मोठी नाही. डब्ल्यूटीएची स्पर्धा हिंगोलीत भरवा, असे कुणी म्हणत नाही. पुण्यात, मुंबईत आणि सोलापुरातही महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे. त्याखालची पायरी मराठवाड्यात हवी. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन चांगली हार्ड कोर्ट, त्यांच्यावर शाळकरी मुलींसाठी राखून ठेवलेली सकाळ-संध्याकाळची वेळ आणि नियमित मानधन मिळणारी प्रशिक्षक, शक्यतो महिला. राज्य संघटनेने चौदा आणि सोळा वर्षांखालील मुलींची क्रमवारीचे गुण देणारी एक तरी स्पर्धा दरवर्षी हिंगोली, परभणी, नांदेड अशी फिरती ठेवावी आणि यजमान जिल्ह्यातल्या मुलींना त्यात वाइल्ड कार्ड द्यावे. तारखा वार्षिक परीक्षेच्या बाहेर धराव्यात. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या आराखड्यात याची तरतूद मागण्यासाठी पालकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी आत्तापासून निवेदने द्यायला हवीत, कारण कोर्ट बांधून पहिली स्पर्धा भरेपर्यंत दोन-तीन वर्षे सहज जातात आणि तेवढ्या काळात आज अकरा वर्षांची असलेली मुलगी चौदा वर्षांची होते.