बावन्न तास

२२ सप्टेंबर १९९२. राजस्थानातील भटेरी गावात शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात काम करणाऱ्या 'साथिन' भंवरीदेवी यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. एका तान्ह्या मुलीचे लग्न रोखण्याचा त्यांनी प्रयत्न केला, एवढाच त्यांचा अपराध. नेमून दिलेले काम करणाऱ्या श्रमिक स्त्रीवरील हा हल्ला होता, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

या खटल्यातूनच १९९७ चा 'विशाखा' निवाडा आला, हे आपल्या सभासदांना ठाऊक आहे. त्यामागचे बावन्न तास मात्र विसरले गेले. आरोग्य केंद्रात स्त्री डॉक्टर नव्हती. जयपूरला धाडले, तर तेथे दंडाधिकाऱ्यांचा हुकूम मागितला. नमुने घेतले गेले तेव्हा बावन्न तास लोटले होते. १९९५ साली सत्र न्यायालयाने पाचही आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले.

शरीरावरचा पुरावा तासागणिक नष्ट होतो. तीन दिवसांनंतर तो मिळण्याची शक्यता फारच कमी. तरीही चार दिवसांपर्यंत नमुने घ्यावेत, असे केंद्रीय आरोग्य खात्याचे २०१४ चे निर्देश सांगतात. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला तर तो कुजतो. तो सावलीत सुकवून कागदी पाकिटात मोहोरबंद करावा लागतो आणि कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंद ठेवावी लागते. (टपाल कामगाराला नोंदणीकृत टपालाचे महत्त्व सांगायला नको!) ही साखळी तुटली, तर प्रयोगशाळेतील उत्तमातले उत्तम डीएनए यंत्रही निरुपयोगी.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत वैद्यकीय अहवालाला सात दिवसांची मुदत आहे. गंभीर गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची सक्ती आहे, पण ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची सवड! तज्ज्ञ आणायचे कोठून? प्रयोगशाळांतील जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या, कंत्राटावर वेळ मारून न्यायची आणि निकालाला उशीर झाला की दोष कर्मचाऱ्यांच्या माथी मारायचा, हे धोरण आम्हा रेल्वे-टपालवाल्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. या जागा कायम स्वरूपात भरा, ही मागणी आपल्या मागणीपत्रात आलीच पाहिजे.

आपल्या भगिनी रात्रपाळीला फाटकावर, फलाटावर, आर.एम.एस.मध्ये असतात. प्रत्येक शाखेने फलकावर लिहावे : रुग्णालय सरकारी असो वा खाजगी, उपचार तात्काळ व मोफत, आधी पोलीस तक्रार हवी अशी अट नाही, तपासणी तिच्या संमतीनेच, शक्य असल्यास तोवर आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांकही खाली लिहावा.